पोटमाळ्यावरचा खोका : भांडुप, कलिना, डोंबिवलीकडच्या पोरांचं रॉक (साधारण १९९८ ते २००५)

शेवटची_कसारा (धागाकर्ता)

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. महिन्याभरात घर रिकामं करायचं म्हणून आई दर रविवारी भांडुपला बोलावून माझ्याकडून पोटमाळा उतरवून घेतेय. तांब्याचा बंब, बाबांच्या जुन्या डायऱ्या, दोन पाळणे (मी एकुलता एक, दुसरा कुणाचा ते आईलाही सांगता येईना). काल बुटांचा एक खोका हाती लागला आणि त्यात माझी अकरावी ते टीवाय निघाली.

सगळ्यात वर मेलट्रॅकची सी-६० (साठ मिनिटांची) कॅसेट. लेबलवर माझ्या अक्षरात 'फायनल नाही' आणि 'दिवाळी २००१'. कोण वाजवतंय, कुठली गाणी, काही लिहिलेलं नाही. त्या वर्षी मी तीन बँडांत होतो (एकात दहा दिवस), त्यामुळे अंदाजही लागत नाही.

खाली अकरा पोस्टरं, ए-फोर झेरॉक्स. डिप्लोमावाल्या मित्राने रोट्रिंग पेनाने कवटी काढली होती, एका डोळ्यात शाईचा थेंब पडला आणि मूळ चित्रावरचा तो थेंब सगळ्या प्रतींत उतरला. आम्ही तिला 'मोतीबिंदूवाली' म्हणायचो. रंगभवनच्या तिकिटाचं अर्धुक आहे. एका काळ्या टी-शर्टची फक्त पाठ आहे, पुढची बाजू आईने पोतेऱ्याला वापरली. पाठीवर फॅब्रिक पेंटने बँडचं नाव रंगवलं होतं म्हणून ती वाचली. "रंगाचा भाग पाणी टिपत नाही," असं आईचं म्हणणं.

दोनशे पानी वही आहे. निम्म्या पानांवर सायबर कॅफेत बसून उतरवून घेतलेल्या गिटार टॅब्ज. प्रिंटआउटचे पैसे वेगळे पडायचे, म्हणून सहा रेघा पट्टीने आखून आकडे हाताने लिहायचो. उरलेल्या पानांवर इंग्रजी गाणी, ऐकून ऐकून, देवनागरीत. आणि तळाला एक झूम ५०५ प्रोसेसर (गिटारच्या आवाजाला इफेक्ट देणारं यंत्र), चालू न होणारा. तो माझा नाही हे नक्की, मी रिदम वाजवायचो आणि माझ्याकडे डिस्टॉर्शनचं (आवाज खरखरीत करणारं) एकच पेडल होतं. कुणाचा ते आठवत नाही.

प्रश्न दोन. कॅसेट वाजवायची कशी? वीस-बावीस वर्षं पोटमाळ्यावर होती, भीती वाटते. आणि दुसरा म्हणजे इथे त्या वेळचं कुणी आहे का? साऊथ बॉम्बेवाल्यांच्या आठवणी बऱ्याच छापून आल्या, मला लगेजच्या डब्यातून गिटार नेणाऱ्यांच्या हव्यात.

मोडकी_काठी

मी पयला! कलिना. ड्रम्स. रात्री नीट लिहितो. लगेजच्या डब्यावर तर खंडकाव्य होईल.

सरळमार्गी

लेखन छान. पण स्पष्टच विचारतो, रागावू नका. हे सगळं इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं परदेशी अनुकरण नव्हतं का? काळे टी-शर्ट, कवट्या, शिंगांची बोटं. त्याच वयात आम्ही एकांकिका करत होतो. त्यात आपलं असं काय होतं?

शेवटची_कसारा

@सरळमार्गी, रागावलो नाही. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतला. म्हणूनच गाणी देवनागरीत लिहिलीत हो. इंग्रजी ऐकून कळायचं नाही, कॅसेटच्या आतल्या कागदावर शब्द छापलेले असतील तर ठीक, पण कॉपी केलेल्या कॅसेटला कागद कुठला? मग जे कानावर पडेल ते. आमचा गायक दोन वर्षं एका गाण्यात 'वासराची आई' असं काहीतरी म्हणत होता, आणि भांडुपमध्ये कुणालाही त्यात खटकलं नाही.

खारफुटी

वासराची आई!! 😂😂

वाशीची आहे मी. बेस वाजवायचे. धाग्यावर नजर ठेवून आहे, पोरांना झोपवून येते.

फेरिक_ऑक्साइड

@कसारा, आधी हात आवर. ती कॅसेट कुठल्याही टेपमध्ये घालू नकोस.

खिडकीतून उजेडात धरून रिळांकडे बघ. टेपच्या कडेवर पांढरट पावडर किंवा ठिपके दिसले तर बुरशी आहे, आणि मुंबईच्या दमट हवेत पोटमाळ्यावर ती नसेल तरच नवल. तशी असेल तर वाजवायची नाही, उघडायची तीही मास्क लावून. मेलट्रॅकच्या काही कॅसेट्सना पाच स्क्रू असतात, काही चिकटवलेल्या असतात. स्क्रूवाली असेल तर आतली रिळं अलगद दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात.

मग मधल्या भोकातून आत बघ. टेपच्या मागे छोट्याशा पितळी पट्टीवर फेल्टचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटचा तो गोंद सुकून पडतो आणि लोक म्हणतात, "आवाजच येत नाही, कॅसेट गेली." कॅसेट गेलेली नसते, फेल्ट गेलेलं असतं.

हे सगळं ठीक असेल तर चांगला डेक शोध, वॉकमन नको. हेड आणि रबरी रोलर साफ कर. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला अगदी थोडं. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळ म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतील. पहिल्या प्लेलाच रेकॉर्डिंग चालू ठेव, दुसरी संधी मिळेलच असं नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपीथ्री नंतर हवी तेवढी कर. सी-६० आहे हे नशीब. सी-९० ची टेप याहून पातळ आणि सी-१२० ची तर कांद्याचं साल.

आणि ती अकरा पोस्टरं! त्यांना पारदर्शक पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये घालू नकोस, सगळे तीच चूक करतात. झेरॉक्सचा टोनर प्लॅस्टिकला चिकटतो आणि पाच वर्षांनी कवटी फोल्डरवर आणि कागद कोरा. साध्या कागदाच्या लिफाफ्यात ठेव. तशी झेरॉक्स फार टिकाऊ असते, टोनरमधला काळा म्हणजे कार्बन. तुझा रंगीत फोटो फिका पडेल, मोतीबिंदू राहील.

मोडकी_काठी

हां, आता बसलो.

१९९९ ते २००५. कलिन्याला तळमजल्याची खोली. ड्रमसेट माझा नव्हता, एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांचा. त्यांनी ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) घेतला तेव्हा जुना सेट 'सांभाळायला' दिला, या अटीवर की लग्नसराईत लागला तर परत. त्यामुळे मार्च ते मे आमचा बँड ड्रमविना. उपनगरातल्या निम्म्या मेटल बँडांचं वेळापत्रक हिंदू पंचांगावर चालायचं हे कुणी लिहीत नाही.

लगेजचा डबा. बेस ड्रम रिक्षात मावायचा नाही, टेम्पो परवडायचा नाही. मग स्नेअर एकाच्या मांडीवर, सिंबल्स चादरीत गुंडाळून आणि बेस ड्रम मासेवाल्या मावशींच्या पाट्यांशेजारी. एकदा दादरला एका मावशींनी त्यावर बसून कुर्ल्यापर्यंत प्रवास केला. उतरताना म्हणाल्या, "ढोल बरा हाय तुजा, पन लई पोकल." ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अचूक. पुढच्याच आठवड्यात आत उशी घातली.

रंगभवनबद्दल. नवीन मंडळींसाठी सांगतो, धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी उघड्या आभाळाखालचं थिएटर. फरहाद वाडियांनी १९८६ साली सुरू केलेलं 'इंडिपेंडन्स रॉक', आमच्या भाषेत आयरॉक, तिथे व्हायचं. आमच्यासाठी ती पंढरी. कॉलेजचे बँड त्याच स्टेजवर, ज्यांच्या कॅसेट आम्ही ऐकायचो तेही त्याच स्टेजवर. पण शेजारी कॉलेज, जवळच कामा आणि जीटी ही दोन हॉस्पिटलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल-शाळा-कोर्टाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि थोड्याच वर्षांत रंगभवन मिटलं. आयरॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावरही झालं. आम्हाला घरापासून जवळ पडलं, पण ती मजा नाही. व्हीटीला उतरून काळ्या टी-शर्टांच्या मागे मागे चालत जायचं, रस्ता विचारावा लागायचा नाही.

सरळमार्गी

हॉस्पिटलातल्या पेशंटांचाही विचार करायला हवा होता. नियम योग्यच.

मोडकी_काठी

@सरळमार्गी, नियम चूक असं मी कुठे म्हटलं? माझी आजी जीटीला ॲडमिट होती तेव्हा मीच भिंतीपलीकडून येणारा साउंडचेक ऐकत तिच्या उशाशी बसलो होतो. दोन्ही बाजू मला ऐकू आल्यात. शब्दशः.

साउंडवाले_काका

नमस्कार. मुलीकडून टाइप करून घेतो आहे. आमचा मंडप-साउंडचा धंदा, मुलुंड ते ठाणे, १९८५ पासून. तुमच्यासारख्या पोरांना मी बराच साउंड दिला आहे, गणपतीतल्या सांस्कृतिक कार्यक्रमात. रेकॉर्ड डान्स, मग लिंबू-चमचाची बक्षिसं, मग 'मुलांचा बँड'.

अहुजाचा ॲम्प्लिफायर, चार कॉलम, दोन माइक. तो सरंजाम भाषणाला आणि भावगीताला. तुम्ही त्यात गिटार थेट लावायचात, मग तुमचं ते खरखर करणारं यंत्र चालू. पहिल्या वेळी मला वाटलं माझा ॲम्प्लिफायर फुटला, मी धावत जाऊन मेन बंद केला. मुलं माझ्यावर ओरडली. दुसऱ्या मंडळात माझे दोन ट्वीटर जळाले. नंतर कळलं की आवाज असा चेचला की त्यातली वरच्या पट्टीची ताकद वाढते आणि ती सगळी बिचाऱ्या ट्वीटरच्या बारीक तारेवर येते. तेव्हापासून बँडच्या कार्यक्रमाला मी ट्वीटर काढूनच ठेवायचो. मुलांना कधी कळलं नाही. उलट म्हणायची, "काका, आज साउंड जाड आहे."

पैसे बुडवले नाहीत कुणी, हेही सांगतो. एका पोराने हप्त्याने दिले, शेवटचा हप्ता नोकरी लागल्यावर.

शेवटची_कसारा

काका, दंडवत! त्या 'जाड साउंड'वर आम्ही अख्खं एक गाणं बसवलं होतं.

खारफुटी

काकांचा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं.

माझं सांगते. घरी सांगितलं होतं की गिटारचा क्लास आहे, ते खरं होतं. बेसला चारच तारा म्हणून आईला वाटायचं मी मागे पडलेय, बाकीच्या मुली सहा तारांवर गेल्या.

वाशीहून हार्बरने यायचं म्हणजे परतीचा हिशेब आधी. बाकीचे शेवटच्या बँडला थांबायचे, मी कधीच थांबले नाही. त्या पाच वर्षांतला एकही कार्यक्रम मी शेवटपर्यंत बघितलेला नाही. आठवणींच्या लेखांतून 'आणि मग शेवटी ते स्टेजवर आले' असं वाचते तेव्हा तो भाग माझ्यासाठी बातमीच असतो.

मॉश पिटमध्ये (स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या नाचात) उतरले की अनोळखी पोरं आपसूक हातात हात गुंफून माझ्याभोवती कडं करायची, दहीहंडीच्या खालच्या थरासारखं. कुणी पडलं की सगळे थांबून उचलायचे. तिथे कधी भीती वाटली नाही. भीती नव्हे, पण चीड यायची बाहेर आल्यावर. "कुणाबरोबर आलीयस?" हाच पहिला प्रश्न. हातात बेसची बॅग असताना! "बॉयफ्रेंडची का?" याच पोरांनी दहा मिनिटांपूर्वी कडं केलेलं असायचं. दोन्ही खरं आहे, मला त्यातलं एक निवडता येत नाही.

माझ्याकडे काय उरलंय? मी आणि एक मैत्रीण हाताने चार पानी पत्रक काढायचो. 'रॉक स्ट्रीट जर्नल' बघून कीडा चावला. ते मासिक अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून काढलं होतं, मुंबई-बंगलोरहून नव्हे, आणि त्याचा मला फार आधार वाटायचा. अलाहाबादहून निघू शकतं तर वाशीहून का नाही? आमचे सहा अंक निघाले. दर अंकाच्या चाळीस प्रती, पाठपोट झेरॉक्स, मध्ये दोन स्टेपल. आज स्टेपल गंजून प्रत्येक अंकाच्या मध्यावर तपकिरी डाग आहेत, अक्षर मात्र जसंच्या तसं. (फेरिक यांचा कार्बन!)

वाचायला लाज वाटते, एवढं आम्ही सगळ्यांना झोडपलंय. एका बँडबद्दल लिहिलंय, "ड्रमर चांगला, बाकीच्यांनी त्याला एकटं सोडावं."

मोडकी_काठी

@खारफुटी, तो बँड कलिन्याचा होता का 🙂

खारफुटी

…असू शकतो.

मोडकी_काठी

ते पत्रक मी पाकिटात घालून फिरायचो. त्यावरून बँड फुटला, तो वेगळा मुद्दा.

जुनाट_मोडेम

माझा सहभाग २००३ नंतरचा, इंटरनेटवाल्या पिढीचा. २००० साली साहिल मखीजा यांनी डिमॉनिक रिझरेक्शन हा मेटल बँड उभा केला, पुढे स्वतःचं लेबलही काढलं, आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की कॅसेट कंपनीच्या दारात न जाता अल्बम काढता येतो. त्याआधी वाटायचं, एकतर रॉक मशीनसारखं व्हायचं (१९८४ चे, पुढे इंडस क्रीड झाले) नाहीतर घरी बसायचं. २००३ ला मुंबईत एका बँडने नाव ठेवलं 'भयानक मौत'. आम्ही इंग्रजी डिक्शनरीतून भीषण शब्द शोधत होतो आणि या लोकांनी रात्री साडेनऊच्या सिरियलचं वाटावं असं नाव उचललं. आपल्या भाषेत हसूही येतं आणि अंगावरही येतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. @सरळमार्गी, तुमच्या 'आपलं काय'चं माझ्यापुरतं हे उत्तर.

वस्तू मात्र माझ्याकडे शून्य. आमचं सगळं ऑनलाइन. गाणी मायस्पेसवर, फोटो ऑर्कुटवर, बँडचं पान जिओसिटीजवर. जिओसिटीज २००९ ला बंद, ऑर्कुट २०१४ ला, आणि मायस्पेसने २०१९ मध्ये जाहीर केलं की सर्व्हर हलवताना २०१५ पूर्वीची गाणी गेली. आमची तीन त्यात. मूळ फाइल ज्या कॉम्प्युटरवर होती तो भंगारात गेला होता, "नेटवर आहेच की" म्हणून. माझ्याहून दोन वर्षं मोठ्या पोरांकडे बुटांचे खोके आहेत आणि माझ्याकडे पासवर्ड. कशाचा पासवर्ड, ते विचारू नका.

मोडकी_काठी

माझं पाण्याने नेलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि कलिना म्हणजे मिठी नदीच्या कुशीत. तळमजला. मी ऑफिसात अडकलेलो, आई-बाबा वर शेजाऱ्यांकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो तेव्हा फ्रीज आडवा आणि ऑर्केस्ट्रावाल्या काकांचा बेस ड्रम दारात अडकलेला. मावशी म्हणाल्या तसा पोकळ, म्हणून तरंगला. लाकूड फुगून त्याचे थर सुटले. चाळीसेक कॅसेट होत्या, जॅमच्या (सरावाच्या), गिगच्या (कार्यक्रमांच्या). चिखल भरलेल्या. आठवडाभर सगळं घर रस्त्यावर वाळत होतं, गाद्या, दप्तरं, देव. त्यात कॅसेट कोण धुणार? कचऱ्याच्या गाडीत मीच टाकल्या.

काकांकडे ड्रमबद्दल सांगायला गेलो. त्यांच्याही घरात पाणी होतं. ऑक्टोपॅड गेला होता. दोघं चहा प्यायलो.

फेरिक_ऑक्साइड

@काठी, आता सांगून उपयोग नाही, पण चिखलातली कॅसेट स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवली तर बऱ्याचदा वाजते. टेप स्वतः प्लॅस्टिकची असते. न वाळवता प्लेअरमध्ये घातली तर मात्र संपली. पुढच्या पुरासाठी लिहून ठेवतो.

मोडकी_काठी

आभारी आहे. (खरंच. पण आज एवढंच.)

शेवटची_कसारा

अपडेट! बुरशी किंचित, कवच स्क्रूचं निघालं, फेल्ट पडलेलं होतं. आईच्या हरिपाठाच्या एका कॅसेटचं कवच वापरलं (ती आधीच तुटलेली, परवानगी घेऊन). साउंडवाले काकांनी व्यक्तिगत निरोप पाठवला की त्यांच्याकडे चालू डेक आहे, रविवारी मुलुंडला जाऊन त्यांच्या हॉलमध्ये वाजवली.

बाजू ए, तीन गाणी. आवाज म्हणजे कुणीतरी पत्र्याच्या डब्यात दुसरा पत्र्याचा डबा ओततंय. सोनीचा टू-इन-वन जमिनीवर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग आहे, जागा आता ओळखली: मित्राच्या बाबांचा एलबीएस रोडवरचा गाळा, लेथ मशीनच्या मागे. दिवाळीत चार दिवस कामगार सुट्टीवर, तेवढेच आमचे.

पण एक भानगड आहे. कुणाचाच आवाज ओळखू येत नाही! गाणारा पोरगा बारा वर्षांचा वाटतो. आणि वेग असा की आम्ही इतकं फास्ट जन्मात कधी वाजवलं नाही. गिटार घेऊन बसलो तर सगळं अर्ध्या स्वराने वर, ई ऐवजी एफ. आम्ही कधी एफला ट्यून केलेलं नाही. हा माझा बँडच नाही बहुतेक. शिवाय मागे सतत 'हंऽऽ' असा हम आहे, तो काढता येईल का?

फेरिक_ऑक्साइड

थांब! हम काढू नकोस!! तोच तुझा साक्षीदार आहे.

टू-इन-वन सेलवर चालवला होता का? गाळ्यात प्लग एकच असणार आणि तो ॲम्पला लागला असणार. सेल उतरलेले असले की मोटर हळू फिरते. ४.७६ सेंटिमीटर दर सेकंदाला जायला हवी ती टेप कमी वेगाने जाते. मग चांगल्या डेकवर नीट वेगाने वाजवली की सगळं जलद आणि वरच्या पट्टीत.

आता हम. गाळ्याचं अर्थिंग गचाळ, त्यामुळे गिटारच्या ॲम्पमधून मेन्सचा हम येतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि छोट्या माइकला ५० पेक्षा तिची दुप्पट, म्हणजे १०० जास्त ऐकू येते. ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं सॉफ्टवेअर) शांत जागा निवड आणि 'प्लॉट स्पेक्ट्रम' बघ. १०० च्या आसपासचा सुळका नेमका कुठे आहे?

शेवटची_कसारा

१०६.

फेरिक_ऑक्साइड

१०६ भागिले १०० म्हणजे १.०६. अर्धा स्वर म्हणजे १.०५९. तुझा ई तिथेच आहे, फक्त सेलांनी त्याला एफ केलंय. वेग ५.७ टक्क्यांनी कमी कर. (तेव्हा ग्रिडची वीजही नेमकी ५० नसायची, त्यामुळे शेवटचा बारीक फरक कानाने लाव.)

जुनाट_मोडेम

बाप रे. गचाळ अर्थिंगमुळे कॅसेट सापडली. वाखु (वाचनखूण) साठवली.

साउंडवाले_काका

आयुष्यभर अर्थिंग नीट करा म्हणून मी ओरडलो.

शेवटची_कसारा

केलं. मीच आहे.

म्हणजे आम्हीच आहोत. गाणारा पोरगा बारावरून अठरा वर्षांचा झाला आणि एका क्षणात ओळखला. दुबईत असतो, त्याला पाठवलं. त्याने उत्तरात फक्त एक वासराची इमोजी पाठवली. गाणी दोन कव्हर आणि एक ओसी (ओन कॉम्पोझिशन, नवीन लोकांसाठी). ओसी आठवतही नव्हतं. वाईट आहे. मधला दहा-बारा सेकंदांचा तुकडा चांगला आहे, लीडवाल्याचा. तो कोण, ते अजून लागत नाही. गायकाला विचारलं तर म्हणतो, "तो मुंब्र्याकडचा की कळव्याचा, दोन-तीनदाच आलेला, बारका."

आता बाजू बी. आठ मिनिटं आमचा गोंगाट, मग खट्, आणि आईचं भजनी मंडळ. कॅसेट मुळात आईची! हरिपाठ कुणी पुसू नये म्हणून तिने मागचे दोन्ही तुकडे मोडून ठेवले होते आणि मी त्या भोकांवर सेलोटेप लावून वर रेकॉर्ड केलं. चिकटपट्टीची खूण अजून आहे. तेवीस वर्षांनी पकडला गेलो. आई काही बोलली नाही, "पुढचं लाव" म्हणाली. मंडळातल्या नऊ जणींपैकी आता चौघी आहेत. उरलेला हरिपाठ तिने दोनदा ऐकला. मी चुकून सरळ केलेल्या फाइलमधून लावला होता, तो हरिपाठ मूळ नीट वेगाचा, म्हणजे इथे ५.७ टक्क्यांनी मंद. लक्षात आल्यावर म्हटलं, आई, थांब, वेग चुकलाय, नीट करून देतो. म्हणाली, "असाच म्हणायचो आम्ही. घाई तुम्हाला होती."

खारफुटी

🙏 काकूंना नमस्कार सांग. त्यांची बाजू वेगळी फाइल करून दे, आमच्या आवाजाशिवाय.

मी सहाही अंक स्कॅन करतेय. कलिन्याबद्दलचं वाक्य काळं करणार नाही.

मोडकी_काठी

करूही नकोस. खरं होतं.

सरळमार्गी

एकांकिकांच्या आमच्या एकाही तालमीचं रेकॉर्डिंग नाही. एवढंच नोंदवतो.

दिवा_जंक्शन

सदस्य नव्हतो, या धाग्यासाठी खातं काढलं. मित्राने लिंक पाठवली.

@कसारा, तुम्ही टाकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या गाण्याआधी कुणीतरी विचारतं, "नऊ व्होल्टचा सेल आहे का रे कुणाकडे?" आणि मागून कुणीतरी हसतं. सरळ केलेल्या फाइलमध्ये ऐका, १४ मिनिटं ५० सेकंदांच्या आसपास.

शेवटची_कसारा

ऐकलं. हो. ओळखीचा वाटला नाही आवाज.

दिवा_जंक्शन

मी कळव्याचा. आता दिव्याला असतो. तो प्रोसेसर उलटा करून बघाल का? खाली सेलच्या खणाचं झाकण हरवलं होतं, तिथे औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावलेली असेल, आडवी नव्हे, तिरकी.

शेवटची_कसारा

तिरकी आहे.

दिवा_जंक्शन

दिवाळीच्या चौथ्या दिवशी गाळ्यात राहिला. मी दोनदा आलो होतो न्यायला, कुलूप होतं. रविवारी येऊ का? अडॅप्टर माझ्याकडे आहे अजून.